फाटकावरचे तीन नंबर

१

उद्या सकाळी दहा वाजता एका मेलेल्या माणसाच्या नावावर एक चूक कायमची लिहिली जाणार होती, आणि ती लिहिणारा माणूस प्रेरणाच्या समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

“ठरावच आहे बेटा,” ईश्वरदास म्हणाले. “वाचाचा, सह्या घ्याच्या, झालं. तुया बाबाबद्दल आमच्या मनात काई नाई.”

ईश्वरदास केशोरीतले धानाचे व्यापारी आणि गावच्या मोपेड शर्यतीच्या समितीचे अध्यक्ष. दर जानेवारीत, धान निघून बांध्या कोरड्या पडल्या की आजूबाजूच्या गावांतली पोरं जुन्या मोपेड ठोकून-ठाकून घेऊन येत. तीन किलोमीटरचा मातीचा फेरा. सकाळी दहा ते दुपारी चार. दोन चालकांनी आळीपाळीने एकच मोपेड सहा तास पळती ठेवायची. ज्याचे फेरे जास्त, तो जिंकला. गेल्या जानेवारीत या शर्यतीत एका पोराचा पाय गेला, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी प्रेरणाचे वडील केशोराव गेले. पहिली गोष्ट त्यांच्यामुळे झाली असं गाव म्हणत होतं. दुसरी कशामुळे झाली, याबद्दल कोणी काही म्हणत नव्हतं.

प्रेरणाने कागद हातात घेतला. नागपूरला ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. कुठलाही मजकूर दोनदा वाचल्याशिवाय तिला खाली ठेवता येत नसे.

‘गेल्या शर्यतीतील अपघात रेडिओ सांभाळणारे कै. केशोराव यांच्या चुकीच्या निरोपामुळे झाला, असे समितीचे मत आहे. यापुढे शर्यतीत रेडिओ वापरू नये.’

‘कै.’वर तिची नजर अडली. मग ती पुढे गेली. ठरावाला बातमीचं एक कात्रण टाचलं होतं.

‘केशोरी, ता. २० (वार्ताहर) : येथील मोपेड शर्यतीत काल दुपारी सव्वादोनच्या सुमारास नहराजवळच्या वाटेवर तणसाने (भाताच्या पेंढ्याने) भरलेल्या ट्रॅक्टरला (एमएच ३५ जी ४७१२) मोपेड धडकून चालक स्वप्निल (वय २४) गंभीर जखमी झाला. ट्रॅक्टर त्याचे वडील सुखराम चालवत होते. आपण नुकतेच तेथे पोचलो, फाटक उघडे होते व तेथे कोणीही नव्हते, असे त्यांनी सांगितले.’

“रेडिओ नाही, तर फेऱ्याच्या मागच्या बाजूला काय चाललंय ते कसं कळणार?” तिने विचारलं.

“दुकानवाल्या टिंकूनं मोबाइलचं सुचवलं आहे. सगळे एका कॉलवर राहतीन.”

“मोहाच्या झाडांखाली रेंज येते?”

ईश्वरदास कपाच्या तळाशी बुडालेला बिस्किटाचा तुकडा चमच्याने शोधू लागले. “येईल तेवढी येईल.”

“मी उद्या सभेला येते. बाबांची वही घेऊन.”

“वहीनंच तं फसवलं त्यायले,” ते उठत म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. “तीन नंबर वहीत आहेत, कागदावर नाईत. आता वहीले अजून काय इचारशीन?”

२

केशोराव सालेकसा स्टेशनात एकतीस वर्षं सिग्नल खात्यात होते. निवृत्त होऊन गावी आले त्या वर्षीच्या शर्यतीत एक पोरगा बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीमागे घसरून वीस मिनिटं पडून होता आणि कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने ध्यास घेतला.

त्यांनी परवाना न लागणारे, कमी ताकदीचे छोटे सेट आणले. पोरं त्यांना खेळणी म्हणून हसली. मोबाइलचे जुने इअरफोन उशीच्या फोममध्ये घालून पुष्पाबाईंनी, म्हणजे प्रेरणाच्या आईने, हेल्मेटांत शिवून दिले. दारावरच्या घंटीचं बटण सायकलच्या ट्यूबने हँडलला बांधलं, की झाली चालकाची बोलायची सोय. सेटची ताकद एवढीशी, आणि मधे बोडीची उंच पाळ. म्हणून केशोरावांनी सुरुवातीच्या रेषेजवळ तीस फुटी बांबू उभारून त्याच्या शेंड्यावर तारेची एरियल चढवली. पाळीच्या दोन बाजूंच्या माणसांना एकमेकांचं ऐकू येत नसे, पण बांबूला सगळ्यांचं ऐकू येई. शहरातल्या एका नावाजलेल्या हेल्मेट-सेटच्या किमतीत अख्खी शर्यत बोलती झाली. केशोराव टेबलाशी दोन सेट घेऊन बसत : डाव्या कानात चालक, उजव्या कानात फाटक.

फाटक हीच एक धोक्याची जागा होती. नहराच्या मोरीजवळ, मोहाच्या झाडांमागे, बैलबंडीची वाट शर्यतीचा रस्ता ओलांडून जाई. सुरुवातीच्या रेषेवरून ते दिसत नसे. तिथे बंडीच्या वाटेवर एक आडवा बांबू आणि एक माणूस. दर दहा मिनिटांनी केशोराव विचारत. फाटकवाला बांबू खाली आहे ना ते बघून “फाटक बंद” म्हणे आणि एक नंबर सांगे. मग केशोराव चालकांना म्हणत, “जा.” एकदा नंबर दिला की केशोरावांना विचारल्याशिवाय बांबू उचलायचा नाही. उचलायचा असेल, तर आधी ते चालकांना हळू व्हायला सांगत.

हा नंबर म्हणजे रेल्वेच्या गेटवरची जुनी पद्धत. फाटकवाल्याकडे दोन आकडी नंबरांचा एक कागद असे, उलटसुलट लिहिलेला. त्यातला पुढचा नंबर सांगायचा आणि खोडायचा. संध्याकाळी तो कागद केशोरावांच्या वहीशी ताडून बघायचा.

“‘हो’ तं झोपेतला माणूसबी म्हणते,” बाबा तिला एकदा म्हणाले होते. “नंबर सांगाले कागद पाहावा लागते. म्हणजे माणूस जागा आहे, जाग्यावर आहे.”

प्रेरणाने वहीचं ते पान उघडलं. अक्षर सिग्नलच्या खांबासारखं सरळ.

१.४० : ६८. १.५० : ३५. २.०० : ४७. २.१० : १२.

त्याखाली, २.१३ : अपघात.

त्या दिवशी फाटकावर कैलाश होता. त्याचा कागद ईश्वरदासांनी फाइलला लावून दिला होता. त्यावर ६८ खोडलेला. पुढचा नंबर २०, तो कोरा. पस्तीस, सत्तेचाळीस, बारा हे नंबर साठ नंबरांच्या त्या कागदावर कुठेच नव्हते. कैलाशने समितीला सांगितलं होतं की पावणेदोननंतर मला कोणी विचारलंच नाही, आणि अपघात झाला तेव्हा मी मिनिटभर झाडामागे लघवीला गेलो होतो. समितीने हिशेब जुळवला : म्हातारा दुपारी डुलकीत होता, अर्धा तास न विचारताच मनाचे नंबर टाकत गेला आणि चालकांना “जा” म्हणत राहिला.

प्रेरणाने पान खिडकीकडे तिरपं धरलं. त्या तीन नंबरांखाली पेन्सिलीची एक पुसट कमान होती. तिन्हींना एकत्र बांधणारी.

“आई, ही खूण ईश्वरदासकाकांची का गं?”

पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “त्याच्याजवळ लाल पेन होता. पेन्सिल कोणाच्या कानावर राहे, तुले माहीत नाई?”

“बाबांनी कधी केली?”

“फेब्रुवारीत एक दिवस भर उन्हात वही घेऊन गेले. कुठं, ते सांगतलं नाई. आले तं जेवले नाईत.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “त्या दिवसापासून वहीले हात नाई लावला त्यायनं. तूबी नको लावू.”

३

टिंकूचं मोबाइलचं दुकान चौकात होतं. रेडिओ बंद झाला तर फायदा त्याचा, आणि केशोरावांचा एक जादा सेट त्या दिवशी सकाळपासून सापडत नव्हता, हे प्रेरणाला वहीतूनच कळलं होतं. सेटवर आवाज ओळखू येत नसे; फाटकाच्या नावाने कुठूनही बोलता आलं असतं.

“आओ दीदी,” टिंकू म्हणाला. “अंकलचा सेट ना? मेरे ही पास था. बॅटरी गेली होती, चार्जिंगले लावला अन् विसरून गेलो. घ्या, हा पाहा.”

“त्यावरून तू बोलला असतास तर?”

टिंकू हसला नाही. “बोललो असतो तं कुठून? दीड ते सव्वादोन मी अंकलच्या टेबलाजवळच बसलो होतो, आमच्या गाडीचा जादा प्लग घासून राहिलो होतो. इचारा कोणालेबी, पूरी टीम होती. वरून खोकला झाला होता, तं अंकलनं डाटलं. ‘तिकडं जाऊन खोक, मले फाटक ऐकू दे.’”

“हे किती वाजता?”

“दोन. दोनच्या फेऱ्यात आमचा ड्रायव्हर बदलला, म्हणून ध्यानात आहे.”

“म्हणजे ते झोपले नव्हते.”

“झोपलेला माणूस डाटते का?”

“मग सभेत का नाही बोललास?”

टिंकूने काउंटरवरची धूळ बोटाने एका बाजूला ओढली. “बोललो असतो तं लोक म्हणले असते, टिंकू कायले मधे पडते? अन्...” तो थांबला. “मेरा भी तो फायदा था ना, दीदी. चूप राहण्यात.”

प्रेरणा उठली. दाराशी येऊन परत वळली. “टेबलावर काय काय होतं, आठवतं?”

“दोन सेट, वही, पाण्याची बाटली. अन् ते कागद : टीमची यादी, नंबरच्या कागदाचा कार्बन. एका पाटीले चिमटा लावून समोरच ठेवत होते ना ते.”

“त्या दिवशी फाटकाला दिलेल्या कागदाचासुद्धा?”

“सगळ्यात वर तोच.”

प्रेरणा रस्त्यावर येऊन उभी राहिली. ऊन कलतं झालं होतं. समितीतल्या नऊ जणांनी तो कागद आणि ती वही शेजारी ठेवून पाहिली होती, आणि एकालाही हे सुचलं नव्हतं.

बाबांना खोटा नंबर लिहायचा असता, तर खरा नंबर त्यांच्या नाकासमोर होता. वीस. फक्त उतरवायचा. मग संध्याकाळी कोणीही ताडून पाहिलं असतं तरी वही सच्ची निघाली असती. कागदावर नसलेला नंबर तोच माणूस लिहील, ज्याला तो कोणीतरी सांगितला. आणि कागदावर नसलेला नंबर तोच सांगेल, ज्याच्याजवळ कागद नव्हता.

त्या अर्ध्या तासात फाटकावर कोणीतरी बोलत होतं. तो कैलाश नव्हता.

४

कैलाश नहराकाठी तणसाचा ढीग रचत होता. तिला येताना पाहून त्याने काठी हातातून सोडली नाही.

“ताई, जे सांगाचं ते मी समितीले सांगतलं.”

“एकच विचारायचं आहे. पावणेदोननंतर तुला कोणी विचारलं नाही, असं तू म्हणालास.”

“हो.”

“म्हणजे तू नंबर दिला नाहीस. तरी आठ मोपेड तुझ्या समोरून अर्धा तास पूर्ण वेगाने जात होत्या. नंबर दिल्याशिवाय त्यांनी चालण्याच्या वेगाने जायचं असतं. तू सेटवर ओरडला का नाहीस?”

कैलाशने काठी ढिगात खुपसली. “ध्यान नसन गेलं.”

“तीस मिनिटं?”

त्याने काठी पुन्हा उपसली. मोरीखालून पाणी जात होतं.

प्रेरणाने पिशवीतून त्याचा कागद काढला आणि उलगडला. दोन घड्यांचे चार भाग, आणि चारही भागांवर एकसारखा पिवळट तेलाचा डाग. “हा कागद घडी घातलेला असताना त्यावर रस्सा सांडला. फाटकावर असतास तर कागद उघडा असता, हातात किंवा पाटीवर. घडी करून खिशात घातलास, कारण तू निघालास. पंगत दीडला बसली होती ना, मारुतीच्या देवळात? वांग्याची भाजी होती म्हणे.”

कैलाश खाली बसला. 

“दोन घास खाऊन येतो म्हणलं होतं,” तो म्हणाला. “तिथं गेलो तं आग्रह. पंगतीतून उठता येते का मधूनच? अन् मले वाटलं, नंबर म्हणजे काय, म्हाताऱ्याचं रेल्वेचं खूळ. देताना मीच सांगतलं, काका नंबर मांगतीन, कोणताबी दोन आकडी सांगून दे. कागद खिशातच रायला. वापस आलो तं...” त्याने हात मोरीकडे केला.

“सेट कोणाच्या हातात दिलास?”

“ते नको इचारू.”

“कैलाश, उद्या दहा वाजता माझ्या बाबांचं नाव लिहिणार आहेत.”

“माहं लिहा म्हणा. मी उद्या उभा राहून सांगतो, मी जेवाले गेलो होतो. कान धरतो.” त्याचे डोळे लाल झाले होते. “पण त्याचं नाव माया तोंडून नाई निघणार. त्याचं त्याले लय झालं ताई. तुया बाबानंबी नाई सांगतलं कोणाले, मी कसा सांगू?”

प्रेरणा कागदाची घडी घालता घालता थांबली.

“बाबांना माहीत होतं?”

५

संध्याकाळी पुष्पाबाईंनी चूल पेटवली होती. गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करत. प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“आई, एक दोन आकडी नंबर सांग. पटकन.”

“अठ्ठावीस. काऊन?”

“अठ्ठावीसच का?”

पुष्पाबाईंनी पीठ लागलेलं बोट भिंतीकडे केलं. कॅलेंडरवर आजच्या तारखेला त्यांनी दुधाची फुली मारली होती. अठ्ठावीस. “डोळ्यासमोर जे आहे तेच येईन ना तोंडात.”

प्रेरणा आत गेली. वही उघडी होती, तिच्याशेजारी ठराव, ठरावाला टाचलेलं कात्रण. ते तिने सकाळी दोनदा वाचलं होतं. सगळे आकडे वाचले होते आणि एकही पाहिला नव्हता.

एमएच ३५. जी ४७१२.

पस्तीस. सत्तेचाळीस. बारा.

ती हळूच खाटेवर बसली. बाबांची पेन्सिलीची कमान त्या तिघांखाली तशीच होती.

आता एकेक गोष्ट आपोआप जाग्यावर बसत गेली, आणि प्रत्येक गोष्ट बसताना तिला ती बसू नये असं वाटत होतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरची पाटी होती. दहा मिनिटं नाही, एक पन्नासपासून दोन दहापर्यंत. म्हणजे ट्रॅक्टर तिथे वीस मिनिटं उभा होता. सुखराम म्हणत होते, आपण नुकतेच पोचलो. मग ते खोटं बोलले. कोणासाठी? ज्याच्या निरोपाने पोराचा पाय गेला त्या परक्या माणसाला वाचवायला कुठला बाप खोटं बोलेल?

परका माणूस तिथे नव्हताच.

६

सकाळी सात वाजता प्रेरणा सुखरामांच्या अंगणात पोचली तेव्हा ते गोठ्यातून येत होते. ट्रॅक्टर पडवीच्या टोकाला उभा होता. गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांना दसऱ्याची झेंडूची माळ अजून वाळून लटकत होती. या ट्रॅक्टरला नव्हती. चाकांशी गवत वाढलं होतं.

सुखरामांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या काखेतल्या वहीकडे पाहिलं, आणि डोक्याचा शेला काढून हातात घेतला.

“तुया बाबाबी अशीच घेऊन आला होता,” ते म्हणाले.

“फेब्रुवारीत.”

“हो. पोराले दवाखान्यातून आणलं त्याच्या चौथ्या दिवशी.” ते ट्रॅक्टरच्या समोर गेले, जसं कोणीतरी त्यांना तिथे उभं केलं असावं. “इथंच उभा रायला. वही उघडली. पाटी वाचली. मंग वही पाहिली, अन् पुन्हा पाटी. मी म्हणलं, आता हा गावभर सांगते. म्हणलं सांग बाबा, एकदाचं सांगून टाक.”

“आणि?”

“वहीत पेन्सिलनं काईतरी केलं, वही पिशवीत टाकली अन् चहा मांगला.”

घरातून आवाज आला. “कोण आहे बाबा?”

“केशोरावची प्रेरणा,” सुखराम ओरडले. आवाज नेहमीसारखा यावा म्हणून त्यांनी आधी घसा साफ केला.

“चहा ठेवाले सांगतो आईले!”

प्रेरणाने आवाज खाली आणला. “काका, काय झालं होतं?”

“कैलाश म्हणला, दोन घास खाऊन येतो. मी म्हणलं जा, धरतो मी. टॅक्टर उभाच होता. केशोराव इचारे, फाटक बंद? मी म्हणो, बंद. नंबर? मले का मालूम नंबर कायचा. समोर पाटी होती, वाचली. पयल्यांदा वरचा. मंग खालचे दोन.” ते बोटांकडे पाहत होते. “वीस मिनिटं झाले, कैलाश येईना. तणस उतरवाचं होतं, मजूर थांबून होते. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. बांबू उचलला. नंबर दिल्यावर उचलाचा नाई, हे मले कोण सांगतलं? म्हणलं, एवढ्यात निघून जातो.”

त्यांनी शेला बोटांना गुंडाळला. 

“बाबा चहा पिऊन काहीच बोलले नाहीत?”

“जाताना बोलला.” सुखरामांनी शेला चेहऱ्यावरून फिरवला. “म्हणला, ‘सुखराम, पोराले उठता-बसता आता तुयाच खांदा लागन. तो खांदा त्याले आवडला पाहिजे.’ बस. गेला. दोन दिवसानं मी त्याच्या घरी याले निघालो होतो. अर्ध्या रस्त्यातून वापस फिरलो. मंग मार्च आला.”

कुबडीचा टक टक आवाज करत स्वप्निल दारात आला. पँटचा डावा पाय गुडघ्याखाली पिन लावून दुमडलेला. “ताई, सभेले येऊन राहिली ना? मले बोलाचं आहे. रेडिओ बंद करा म्हणून राहिले सगळे, पण केशोकाका नसते तं आधीच्या वर्षी चार जण मेले असते.” त्याने वडिलांकडे पाहिलं. “बाबा, तुमी काऊन रडून राहिले?”

“धूर गेला,” सुखराम म्हणाले.

अंगणात चूल नव्हती.

७

मारुतीच्या सभामंडपात साठेक माणसं होती. ईश्वरदासांनी ठराव वाचला. शब्द तेच होते. मोठ्याने वाचल्यावर ‘चुकीच्या’ या शब्दाला जरा जास्त वेळ लागला.

प्रेरणा उभी राहिली. तिने वही दाखवली, कागद दाखवला. कार्बन कॉपी बाबांच्या समोर असताना त्यांनी खरा नंबर का उतरवला नसता, हे एकदा सांगितलं. टिंकूने मागून “दोन वाजता अंकल जागे होते, मले डाटलं होतं” असं म्हणून त्यात भर घातली. मग कैलाश उठला. त्याने खरंच कान धरले. “मी जेवाले गेलो होतो. खोटं बोललो.”

मंडपात कुजबुज वाढली.

“मंग सेट कोणाजवळ होता?” ईश्वरदासांनी विचारलं. कैलाशने नकारार्थी मान हलवली. “प्रेरणा बेटा, तुले मालूम आहे?”

“आहे.”

“सांग मंग.”

पहिल्याच रांगेत स्वप्निल बसला होता, कुबडी मांडीवर आडवी, कान टवकारून. त्याचा एक हात वडिलांच्या गुडघ्यावर होता. बसताना टेकला होता, तो तसाच राहिला होता.

“बाबांना माहीत होतं,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं नाही. मी सांगणार नाही.”

“असं कसं चालन?” ईश्वरदास चिडले नव्हते, ते अडचणीत होते. “अर्ध्या गोष्टीवर ठराव कसा बदलाचा? नाव नसन, तं लोक म्हणतीन पोरीनं बापाले वाचवलं. नाव सांग, मी आत्ता फाडतो. नाई तं हे असंच राहीन.”

नाव चार अक्षरांचं होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं. नऊ महिने ती रात्री झोपताना याच एका क्षणाची वाट पाहत होती, याच मंडपात, याच माणसांसमोर. तिने वही मिटली.

“मग तसंच राहू द्या,” ती म्हणाली आणि खाली बसली.

 ईश्वरदासांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

“फाडा तो कागद.”

सुखराम उभे राहिले होते. गुडघ्यावरचा पोराचा हात बाजूला घसरला.

“पस्तीस. सत्तेचाळीस. बारा,” ते म्हणाले. “मायाच टॅक्टरचा नंबर आहे. मीच सांगतला. बांबू मीच उचलला. केशोरावनं मले पकडलं होतं अन् सोडून देलं. पुन्हा पुन्हा नका मारू त्याले.”

एवढं बोलून ते बसलेही नाहीत, गेलेही नाहीत. तसेच उभे राहिले, हात लोंबकळत.

सगळे स्वप्निलकडे पाहत होते. तो कोणाकडेच पाहत नव्हता.  बाहेर कोणाची तरी मोपेड सुरू झाली आणि बंद पडली. मग त्याने कुबडी जमिनीला टेकली, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याने हात वर केला, वडिलांचा खांदा धरला, आणि त्यावर सगळा भार टाकून उभा राहिला. दोघंही एकमेकांना न पाहता मंडपाबाहेर गेले.

ईश्वरदासांनी ठराव फाडला. आधी अर्धा, मग कात्रणासकट चार तुकडे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी एरियलचा बांबू पुन्हा उभा राहिला. टेबलावर बाबांचीच वही होती, ‘२.१३ : अपघात’ या ओळीखाली प्रेरणाने एक रेघ मारून नवी तारीख घातली. पाटीला चिमटा, चिमट्यात कार्बन. आणखी एक बदल होता : या वर्षी नंबर ऐकला की कार्बनमध्ये तो आहे का, ते तिथल्या तिथे बघायचं. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

तिच्या कानात फाटक होतं. चालकांचा सेट शेजारच्या खुर्चीत स्वप्निलकडे होता. तो आठ दिवस घराबाहेर पडला नव्हता, आणि नवव्या दिवशी आपणहून येऊन म्हणाला होता, “टेबलाजवळ मी बसतो.” फाटकावर त्याचे वडील असणार, ते त्याला माहीत होतं. त्याबद्दल त्याने काही विचारलं नव्हतं.

दहा वाजून दहा मिनिटं. आठ मोपेड पाळीकडे वळत होत्या.

“फाटक,” प्रेरणा म्हणाली.

डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज आला. या सेटवर सगळ्यांचे आवाज सारखेच येत. “फाटक बंद.”

“नंबर?”

कागद उलगडल्याची खसखस. मग सावकाश, एकेक आकडा पारखून घेतल्यासारखं, “चौपन्न.”

तिने लिहिलं. बोट कार्बनवर ठेवलं. पहिल्याच ओळीत पहिलाच नंबर. चौपन्न.

तिने स्वप्निलकडे पाहून मान हलवली.

त्याने बटणावर अंगठा ठेवला. क्षणभर तसाच ठेवला. मग दाबला.

“जा,” तो म्हणाला.